गोधडीची खोली

समीक्षकाच्या शब्दसंग्रहात काही शब्द असे असतात की ते वापरताना त्याला विचार करावा लागत नाही. ‘ठिगळ’ हा त्यांपैकी एक. कादंबरीतले एखादे प्रकरण मूळ कथानकाशी एकजीव झाले नाही, की ते ठिगळासारखे वाटते असे आम्ही लिहितो. अनेक ठिकाणची सामग्री एकत्र आली आणि तिच्यातून एकसंध घाट उभा राहिला नाही, की कलाकृतीची गोधडी झाली असा निर्वाळा देऊन मोकळे होतो. या दोन्ही वस्तू ज्यांच्या हातून झाल्या, त्यांना या निर्वाळ्याविषयी काय वाटेल, असा प्रश्न आम्हाला सहसा पडत नाही. मलाही तो पडला नव्हता. तो मला विचारण्यात आला.

१९८७ साली, डॉक्टरेट पदरात पडून वर्षही झाले नव्हते तेव्हा, एका नव्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीवर मी परीक्षण लिहिले होते. त्याचा शेवट असा केला होता की, लेखकाने जमवलेल्या चिंध्या रंगीबेरंगी आहेत खऱ्या, पण अखेर त्यांची गोधडीच झाली आहे, वस्त्र झालेले नाही. हे वाक्य मला फार आवडले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत अंबाजोगाईला गेले, तेव्हा तो अंक मी मोठ्या हौसेने आईला दाखवला. आई मराठी चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने ओळीखाली बोट धरून सगळा लेख वाचला, मग चष्मा काढला आणि विचारले, “गोधडीच झाली म्हणजे काय गं? गोधडी व्हायला काय कमी लागतं?”

मी काहीतरी उत्तर दिले. रूपक, परंपरा, आकृतिबंध असे शब्द त्या उत्तरात असणार. आईने ऐकून घेतले आणि ती उठून मागच्या खोलीत गेली. त्या खोलीविषयी मला आज लिहायचे आहे.

आमचे घर गावाच्या जुन्या वस्तीत होते. वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. माजघराच्या मागे एक लांबट, अंधारी खोली होती. तिला एकच खिडकी, तीही पूर्वेला, त्यामुळे सकाळचे तीन-चार तास तेवढा तिथे उजेड असे. एका भिंतीला धान्याच्या कणग्या आणि दुसऱ्या भिंतीला आईची बोचकी. घरात तिला मागची खोलीच म्हणत. ‘गोधडीची खोली’ हे नाव मी दिलेले आहे, आणि तेही खूप उशिरा.

गोधडीचा आरंभ सुईपासून होत नाही, लुगड्यापासून होतो. नऊवारी लुगडे आधी सणावाराचे असते, मग ते नेहमीचे होते. नेसून नेसून मध्ये विरले की विरलेला भाग काढून उरलेले दोन तुकडे जोडायचे. याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडे आणखी दोन-तीन वर्षे घरात निघे. तेही हाताला लागताच फाटू लागले, की मग ते गोधडीसाठी मोकळे होई. म्हणजे एखादे कापड गोधडीत येईपर्यंत त्याने बाईच्या अंगावर सात-आठ वर्षे काढलेली असत. नव्या कापडाची गोधडी उबदार होत नाही, असे आई म्हणे. यात भावनेचा भाग असेल, पण वस्तुस्थितीही आहे. वारंवार धुतलेल्या सुती कापडाची खळ गेलेली असते, तंतू सैल आणि मऊ झालेले असतात, आणि अशा कापडाचे थर एकमेकांना धरून बसतात. पुढे घरात नायलॉनच्या साड्या आल्या, तेव्हा आईने त्यांची एक गोधडी करून पाहिली. थर एकमेकांवरून घसरत राहिले, टाके सुटत गेले. ‘हे कापड कुणाचंच होत नाही,’ असा शेरा मारून तिने तो प्रयोग संपवला.

चैत्र लागला, रब्बीची रास घरात आली आणि दुपारी लांबल्या, की काम सुरू होई. कापडे सोड्याच्या पाण्यात उकळून कडक उन्हात वाळवायची. जमीन सारवून घ्यायची. सर्वांत धड आणि जाड कापड खाली अंथरायचे. त्याच्या चार कोपऱ्यांवर वजने ठेवायची: एकीकडे वरवंटा, दुसरीकडे अडिसरी, तिसरीकडे पाण्याने भरलेला तांब्या आणि चौथीकडे, दुसरे काही हाताशी नसले तर, मी. वर मऊ, विरलेल्या कापडांचे दोन-तीन थर आणि सर्वांत वर तोंडाचे कापड, म्हणजे दिसणारे. मग तळहाताने सुरकुत्या कडेकडे सरकवत जायचे आणि थर हलू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालायचे. एवढे झाल्यावर खरी सुई हातात यायची. दाभण नव्हे, दाभण गोणपाटासाठी, त्याने कापडाला भोके पडतात. लांब, बारीक सुई आणि साधा धावदोरा, बस्स. कडेपासून सुरुवात करायची आणि चौकोनी फेऱ्या घेत मध्याकडे यायचे. दोन रांगांमध्ये बोटभर अंतर. शिवणारीचे बोट जेवढे जाड, तेवढी तिची गोधडी विरळ, त्यामुळे गल्लीतली कुठली गोधडी कुणाच्या हातची, हे बायका न विचारता सांगत.

कडेकडून आत येण्यात एक धोका असतो. कापड कुठे सैल राहिले असेल, तर ते टाक्यांबरोबर पुढे ढकलले जाते आणि शेवटी मध्यावर येऊन फुगते. आई त्याला ‘गोधडीला पोट सुटलं’ असे म्हणे. मग त्यावर उपाय नसतो. सगळे उसवावे लागते. म्हणून दर चार रांगांनंतर हात फिरवून पाहायचा. पुढे दीर्घ कादंबऱ्यांचे शेवटचे भाग वाचताना अनेकदा मला आईचा हा शब्द आठवला आहे. लेखात तो वापरण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

आता त्या खोलीच्या टापटिपीविषयी. बाहेरच्या माणसाला ती खोली पसाऱ्याची वाटे. मला ती तशीच वाटत असे. पंधरा-वीस बोचकी, कुठले चौकटीच्या लुगड्याचे, कुठले जुन्या चादरीचे, एकावर एक रचलेली. निळे, हिरवे, पांढरे, सगळे रंग एकमेकांत मिसळलेले. पण आईला अंधारातही हवे ते बोचके सापडे. तिची विभागणी रंगाची नव्हती. एका बाजूला अजून ताण सोसेल असे कापड, दुसऱ्या बाजूला ताण न सोसणारे पण ऊब देणारे कापड, तिसऱ्या बाजूला तोंडाचे. त्यापेक्षा लहान तुकडे ठिगळांसाठी. अंगठ्याहून लहान चिंध्या आणि दोऱ्यांची तुटकी टोके उशीत भरायची. केर म्हणून बाहेर जाई ती केवळ धूळ.

आणि रोज काम संपताना सुया मोजल्या जात. सुया सात होत्या. त्या घोंगडीच्या एका तुकड्यात टोचून ठेवलेल्या असत. लोकरीत सुई लवकर गंजत नाही. दिवे लागण्याच्या आधी आई मोठ्याने मोजे: एक, दोन, तीन… सात. सहा भरल्या तर चूल पेटत नसे. नानांनी मोडक्या रेडिओच्या कर्ण्यामागचे लोहचुंबक काढून तिला दिले होते. ते दोरीला बांधून ती जमिनीवरून, बोचक्यांवरून, आमच्या कपड्यांवरून फिरवी. सुई सापडली नाही, तर त्या दिवशी हाताळलेल्या एकाही गोधडीवर रात्री कुणी निजायचे नाही, असा नियम होता. ‘पसारा माणसाला टोचत नाही, सुई टोचते,’ ती म्हणे. नीटनेटकेपणाची याहून नेमकी व्याख्या मला पुढे कुठल्या ग्रंथात मिळाली नाही.

अभ्यासाच्या निमित्ताने देशभर हिंडले, तेव्हा ध्यानात आले की आईची ही विद्या एकट्या आमच्या गावची नव्हे. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकाची कौदी, कच्छ आणि राजस्थानकडची रल्ली: नावे निराळी, पण जुने सुती कापड, त्याचे थर आणि धावदोरा हे तीन घटक सगळीकडे तेच. बंगालात तर दोराही जुन्या साडीच्या काठातून ओढून काढीत. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रिया, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आले, आपल्या कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे ‘फूल’ लावतात. त्याशिवाय कवंदी उघडीनागडी आहे असे त्या मानतात. संस्कृतातली कन्था हीच बंगालीत कांथा झाली. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात ती विरक्ताच्या अंगावर आहे. बौद्ध भिक्षूचे चीवरही तुकडे जोडूनच होते. मगधातली बांधांनी विभागलेली शेते बुद्धाने आनंदाला दाखवली आणि त्या शेतांच्या आखणीवरून आनंदाने चीवराचा नमुना ठरवला, असे विनयपिटक सांगते. आमच्या महाराष्ट्रात गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) चिंध्यांचे वस्त्र अंगावर घेतले आणि हाती झाडू धरला. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. चिंधी आणि झाडू या दोन गोष्टी एका माणसाच्या ठायी एकत्र आल्या याचे मला पूर्वी नवल वाटे. आईची खोली आठवली की ते वाटेनासे होते.

आमच्या गावाला तर कापडाचा निराळाच वारसा आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१-१६१५) आपले पंचीकरण कागदावर न लिहिता पासोडीवर लिहिले. मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकवताना मी या पासोडीचा उल्लेख वर्षानुवर्षे अभिमानाने करीत आले. ज्या कापडावर अक्षरे आहेत, ते वाङ्मय. ज्यावर नुसतेच टाके आहेत, ते अंथरूण. ही वाटणी माझ्या मनात इतकी पक्की होती की, ती वाटणी आहे हेही मला कळत नव्हते.

कोलकात्याजवळ जोका येथे गुरुसदय दत्त (१८८२-१९४१) यांच्या संग्रहातल्या कांथा आहेत. त्यांत एकोणिसाव्या शतकातील मानदासुंदरी दासी या स्त्रीने आपल्या वडिलांसाठी केलेली एक कांथा आहे आणि तिच्यावर तिचे नाव टाक्यांनी लिहिलेले आहे. बंगालीत जसीमउद्दीन यांनी १९२९ साली ‘नक्शी कांथार माठ’ हे काव्य लिहून कांथेला साहित्यात जागा दिली. आमच्या बायकांनी गोधडीवर नाव घातले नाही. लिहिता येत नव्हते म्हणून असेल, पण आईला लिहिता येत होते. एकदा मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “नाव घालून काय करायचं? पांघरणारा झोपलेला असतो.”

आईच्या गोधड्या हाच आमच्या घरचा कालानुक्रम होता. कुठली गोधडी कुठल्या साली झाली, हे तिच्यातल्या लुगड्यांवरून कळे. त्या क्रमात एक खंड आहे. १९७२च्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात गोधडी झाली नाही. घरात नवे लुगडे आले नाही, म्हणून जुने मोकळे झाले नाही, इतकाच त्याचा हिशेब. त्या वर्षी मी तेरा-चौदा वर्षांची होते. खडी फोडायला जाणाऱ्या बायकांच्या रांगा मी पाहिल्या, सुकडी खाल्ली, आणि हे सारे मला आठवते. पण त्या वर्षाची खरी नोंद मला वाटते त्या न झालेल्या गोधडीतच आहे.

दुसरा खंड १९९३चा. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या घरालाही हादरा बसला, भांडी पडली. दोन दिवसांनी मदतीच्या गाड्या जाऊ लागल्या, तेव्हा आईने घरातल्या गोधड्या काढल्या. त्या तेरा होत्या. बारा तिने दिल्या. नाना १९८८ साली गेले होते. त्यांच्या धोतरांची तेवढी एक ठेवली. पुण्याहून मी फोनवर म्हटले, “आई, लोक नवीन ब्लँकेटं देताहेत, या जुन्या कशाला?” ती म्हणाली, “नव्या ब्लँकेटाला कुणाचा वास नसतो. घर गेलेल्या माणसाला घरातलं काहीतरी लागतं.” माझ्या बालपणीची सगळी लुगडी त्या बारांत गेली. ती कुणाच्या अंगावर गेली, हे आम्हाला कधी कळले नाही, आणि कळावे असे आईला वाटले नाही.

आता जे सांगायचे ते मी आजवर लिहिलेले नाही.

२००४च्या पावसाळ्यात आई न्हाणीत पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे ती रुग्णालयात आणि मग आत्याकडे होती. मी रजा काढून गावी राहिले. आई परत यायची म्हणजे काठी घेऊन चालायला मोकळी जागा हवी, म्हणून मी मागची खोली आवरायला घेतली. हेतू चांगला होता हे मी पुनःपुन्हा स्वतःला सांगितले आहे. पण खरे असे की, मला त्या कामात आनंद होऊ लागला. मी सगळी बोचकी सोडली आणि कापडांची रंगांप्रमाणे वाटणी केली. निळ्यांचा ढीग, हिरव्यांचा, तांबड्यांचा. त्यातही चौकट, पट्टा, साधे असे पोटविभाग. प्रत्येक ढिगाला स्वच्छ पांढरे फडके आणि वर चिठ्ठी. तीन दिवस मी हे करीत होते. वर्गीकरणात माझी बुद्धी पहिल्यापासून चालते. त्याच बळावर मला पदवी मिळाली होती.

जे कुठल्याच ढिगात बसेना, ते मी बाजूला काढले. त्यात लाल फडक्यात घट्ट बांधलेले एक लहान बोचके होते. ते मी उघडून पाहिले. पिवळे पडलेले एक झबले, एक टोपरे, आणि अर्ध्यावर राहिलेले दुपटे, ज्यात गंजलेली सुई तशीच टोचलेली होती. आमचीच कुणा भावंडांची जुनी कापडे असतील, असे मला वाटले. गंजकी सुई पाहून तर ते टाकून द्यावे, हेच बरे वाटले. दारावर बोहारीण आली होती. नुसत्या चिंध्या ती घेईना, म्हणून मी माझ्या दोन धड साड्या वर घातल्या आणि त्या सगळ्यांच्या बदल्यात एक स्टीलचा डबा घेतला.

आई आली. काठी टेकत मागच्या खोलीत गेली. बराच वेळ उभी राहून तिने ढीग पाहिले, चिठ्ठ्या वाचल्या. “छान आवरलंस,” म्हणाली. मग विचारले, “लाल फडक्यातलं कुठंय?”

मी सांगितले.

“बरं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने तो डबा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, “डबा जड आहे. फसवलं नाही तिनं तुला.”

मला लहानपणी एक भाऊ होता आणि तो दीड वर्षाचा होऊन गेला, हे मला ठाऊक होते. तो १९६३ साली गेला, तेव्हा मी चार वर्षांची होते. घरात त्याच्याविषयी कधी बोलले जात नसे, आणि न बोलल्या गेलेल्या गोष्टी हळूहळू घडल्याच नाहीत अशा होतात. ते दुपटे त्याचे होते, तो आजारी पडला तेव्हा आई ते शिवत होती आणि सुई जिथे होती तिथेच तिने ते बांधून ठेवले, हे मला त्या रात्री आत्याने सांगितले. म्हणजे सुया सात नव्हत्या, आठ होत्या. आठवी कुठे आहे, हे आईला रोज माहीत होते, म्हणून ती मोजावी लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बोहारणींच्या वस्तीत जाऊन आले. अशी कापडे दोन दिवसांत बाजारात जातात, उरलेल्या चिंध्या यंत्रे पुसायला जातात, असे मला तिथे सांगण्यात आले. आईला मी हे सांगितले नाही. पण माझ्या चपलांवरचा चिखल तिने पाहिला असावा. “जाऊ दे,” ती म्हणाली, “उन्हात घालायला म्हणून तरी मी ते किती वर्षांत सोडलं नव्हतं.” माझी समजूत घालण्यासाठी माझ्या आईने आपल्या मुलाच्या आठवणीविषयी असे हलके बोलावे, ही शिक्षा मला पुरेशी होती.

पुढच्या दोन वर्षांत, बसवेल तेवढे बसून, तिने एक गोधडी केली. माझे रंगांचे ढीग तिने मोडले नाहीत. त्यांतूनच कापड घेतले. त्यामुळे ती गोधडी तिच्या सगळ्या गोधड्यांहून निराळी झाली. कडेला गडद निळी, मग हिरवी, मग फिकी होत होत मध्यावर पांढरी. आज ती माझ्याकडे आहे. वस्त्रकलेचे जाणकार घरी येतात, तेव्हा तिच्यापाशी थांबतात, रंगसंगतीविषयी बोलतात. मीही तिचे वर्णन करताना ‘उत्क्रांत सौंदर्यदृष्टी’ हे शब्द एकदा वापरले आहेत. पण हात फिरवून पाहिला, तर कळते की तिचे थर जुळलेले नाहीत. ताण सोसणारे आणि न सोसणारे कापड एकत्र आले आहे आणि ठिकठिकाणी ती विरू लागली आहे. आईने ती एकदाही अंगावर घेतली नाही. २००९ साली ती गेली, तेव्हा तिच्यावर नानांच्या धोतरांची गोधडी होती.

ही हकीकत केवळ घरगुती असती, तर मी ती एवढ्या विस्ताराने सांगितली नसती. साहित्यातही मी आयुष्यभर बोचकीच सोडली आणि बांधली आहेत. ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, प्रादेशिक: प्रत्येक ढिगावर स्वच्छ फडके आणि चिठ्ठी. ही वर्गवारी निरर्थक होती असे मी म्हणणार नाही. तिच्यामुळे पुष्कळांना जागा मिळाली, पुष्कळांना वाट सापडली. पण वर्गवारी करताना जे कुठल्याच ढिगात बसले नाही, ते मी कोणत्या दाराने बाहेर दिले आणि त्याच्या बदल्यात कोणता चकचकीत डबा घरात आणला, हे आता आठवून पाहायचे म्हटले, तरी आठवत नाही. हरवलेल्या सुईचे निदान लक्षात तरी येते, कारण कुणीतरी मोजलेले असते.

त्या १९८७च्या कादंबरीविषयी थोडे सांगायचे राहिले. १९९८ साली माझ्या परीक्षणांचा संग्रह निघायचा होता, तेव्हा मी ती पुन्हा वाचली. ती चांगली कादंबरी होती. तिचे तुकडे रंगाने जुळत नव्हते, पण झिजेने जुळत होते. एकाच दारिद्र्याने वापरून विरलेली ती कापडे होती, आणि ते माझ्या ध्यानात आले नव्हते. ते शेवटचे वाक्य काढून टाकावे असे मी ठरवले आणि सहज आईला तसे सांगितले. ती म्हणाली, “उसवू नको. टाका काढला तरी भोक राहतं. त्यावर ठिगळ लाव, म्हणजे टिकेल.” मी वाक्य तसेच ठेवले आणि खाली, माझे कुठे चुकले, हे सांगणारा एक परिच्छेद जोडला. पुढे काही अभ्यासकांनी, त्या लेखाचा उत्तरार्ध ठिगळासारखा वाटतो, असे लिहिले. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते.

निवृत्तीनंतर पुण्याच्या घरातली पूर्वेकडची लहान खोली मी शिवणासाठी केली आहे. पुस्तकांची दोन कपाटे तिथून हलवली. बोचकी चारच आहेत: ताण सोसणारे, ऊब देणारे, तोंडाचे, आणि एक लाल फडक्यातले, ज्यात अजून काही नाही. भाचीच्या मुलीला या माघात बाळ झाले. त्याच्यासाठी दुपटे शिवायला घेतले आहे. आईच्या शेवटच्या लुगड्याचा एक मऊ तुकडा त्याच्या आतल्या थरात आहे. तो दिसणार नाही. माझे टाके तिच्यासारखे सरळ येत नाहीत आणि दर चार रांगांनी हात फिरवण्याचे मी विसरते, त्यामुळे या दुपट्याला थोडे पोट सुटणार, असे दिसते.

सुया मी स्टीलच्या त्या डब्यात ठेवते. आईही शेवटपर्यंत त्यातच ठेवीत असे; घोंगडीच्या तुकड्यासकट. काल संध्याकाळी मोजल्या, तर सहा भरल्या. चुंबक काढले, जमिनीवरून फिरवले, बोचक्यांवरून फिरवले, दुपट्यावर दोन्ही बाजूंनी फिरवले. दिवे लागण्याची वेळ झाली, फोन वाजून थांबला, गॅसवर काही ठेवलेले नव्हते. शेवटी खिडकीपाशी उजेडात जाऊन पाहिले, तेव्हा ती माझ्याच पदराला, खांद्याच्या खाली, टोचलेली दिसली. मी तिला काढून डब्यात ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने मोजले.